खुल्या जगाचे आरपीजी: लढाई आणि क्वेस्ट यांची पारख वेगवेगळी का करावी?

माळरान

सूचना: या धाग्यात 'द विचर ३', 'एल्डन रिंग', 'फॉलआऊट: न्यू वेगास' आणि 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' या गेम्समधील महत्त्वाच्या घटना उघड होतात. ज्यांना हे गेम अजून खेळायचे आहेत त्यांनी विचार करूनच पुढे वाचावे.

खुल्या जगाच्या आरपीजीचे (एक पात्र घडवत, हवे तिथे फिरत खेळायच्या गेमचे) कोणतेही परीक्षण उघडले की त्यात लढाईसाठी एक परिच्छेद, क्वेस्टसाठी (कथेतल्या कामगिऱ्यांसाठी) दुसरा आणि दृश्यांसाठी तिसरा असतो, आणि शेवटी या सर्वांची बेरीज करून दहापैकी एक आकडा दिला जातो. 'विचर ३'च्या क्वेस्ट अप्रतिम पण लढाई सामान्य, असे इतक्या जणांनी लिहिले आहे की आता कोणी ते तपासूनही पाहत नाही. 'एल्डन रिंग'बद्दल नेमके याच्या उलट बोलले जाते. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, आणि त्याचे कारण ही विभागणीच आहे असे माझे म्हणणे आहे. खेळाडू काही आधी लढाई आणि मग क्वेस्ट असे दोन गेम खेळत नसतो. म्हणून दोन्ही अंगांना एकच प्रश्न विचारून पाहावा: इथून पुढे जाण्यासाठी खेळाडूला या जगाबद्दल काय कळावे लागते, आणि ते कळले नाही तर त्याचे काय बिघडते?

सीडी प्रॉजेक्ट रेड या पोलिश कंपनीच्या २०१५ सालच्या 'विचर ३'मधली पहिलीच मोठी शिकार घेऊ. व्हाइट ऑर्चर्डच्या परिसरात एका ग्रिफिनने धुमाकूळ घातला आहे, आणि प्रेयसी येनेफरचा ठावठिकाणा सांगण्याच्या बदल्यात निल्फगार्ड साम्राज्याचा सेनाधिकारी नायक गेराल्टला, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या विचरला, त्याचा बंदोबस्त करायला सांगतो. गेराल्ट लगेच तलवार उपसून निघत नाही. सैनिकांची प्रेते ज्याला सापडली त्या शिकाऱ्याला तो गाठतो, त्याच्यासोबत माग काढत घरट्यापर्यंत जातो, मादी मारली गेल्याचे आणि घरटे जाळल्याचे तिथे त्याच्या लक्षात येते, आणि मग वनौषधी जाणणाऱ्या बाईकडून आमिषाच्या वनस्पतीची माहिती घेऊन ती नदीच्या तळातून काढून आणतो. नर इतका का चवताळला आहे हे खेळाडूला आता ठाऊक असते. चौकशीचे फलित म्हणून लढाई येते, आणि ज्याने ती चौकशी मनापासून केली त्याला त्या पक्ष्यावर वार करताना थोडे जड जाते. कागदावर ही रचना निर्दोष आहे.

त्याहून सरस उदाहरण म्हणजे वेलेनमधल्या बॅरनच्या क्वेस्टमधले मृत अर्भकाचे भूत. नाव न ठेवता पुरलेले ते मूल रात्री राक्षसरूपाने उठते, आणि खेळाडूसमोर दोन वाटा असतात. एक तर त्याच्याशी लढून त्याचे रक्त न्यायचे, नाही तर बॅरनला त्याला उचलून घ्यायला लावून, वाड्याच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन, नाव देऊन विधिपूर्वक पुरायचे. दुसरी वाट निवडली तर वाटेत पिशाच्चे हल्ला करतात, मूल बिथरू लागते, आणि आजवर शत्रूला गुंगवण्यासाठी वापरलेली 'ॲक्सी' ही खूण इथे त्या मुलाला शांत करण्यासाठी वापरावी लागते. बटण तेच असते, पण तो प्रसंग सर्वस्वी निराळा असतो. लढाईतले साधन कथेच्या अर्थासाठी इतक्या नेमकेपणाने वापरलेले मला या प्रकारच्या फार थोड्या गेम्समध्ये दिसले आहे.

आता याच गेमची दुसरी बाजू पाहू. ग्रिफिनसाठी कोणते तेल पात्याला लावावे हे राक्षसकोशात लिहिलेले असते. परंतु मधल्या डिफिकल्टीवर ते पान न उघडता, नुसता 'क्वेन'चा कवच-मंत्र टाकत आणि डॉज करत (वार चुकवत) लढाई जिंकता येते. म्हणजे चौकशीत मिळालेले ज्ञान लढाईला लागतच नाही. त्यात ताकद दाखवणारा लेव्हलचा आकडा मध्ये येतो. पाचव्या लेव्हलचा ड्राउनर हा पाण्यातला राक्षस दोन वारांत पडतो आणि दुसऱ्या भागातला तसाच दिसणारा, तसाच चालणारा वीस लेव्हलचा ड्राउनर खेळाडूला सहज मारतो. त्या प्राण्याबद्दल खेळाडू जे काही शिकला ते एका आकड्याने रद्द होते.

क्वेस्टकडेही याच नजरेने पाहिले तर एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. 'विचर सेन्सेस'चे बटण दाबले की पावलांचे ठसे लाल होतात, खेळाडू त्या लाल खुणांवरून चालत जातो, आणि निष्कर्ष गेराल्ट स्वतःच मोठ्याने बोलून दाखवतो. खेळाडूला काहीही ताडावे लागत नाही. म्हणून माझे मत असे, की 'विचर ३'चे क्वेस्ट-लेखन श्रेष्ठ आहे, पण क्वेस्टची रचना तिच्या कीर्तीच्या मानाने उणी आहे. लेखन आणि रचना या दोन गोष्टी आपण सतत एकच समजतो आणि त्यामुळे पारख चुकते.

तुम्ही कोणत्या गेमला या प्रश्नावर घासून पाहाल, आणि हा प्रश्न मुळात योग्य आहे का, यावर सविस्तर मते वाचायला आवडतील.

रात्रपाळी

प्रश्न चांगला आहे, पण 'विचर ३'वर तो तुम्ही जसा लावला आहे तो मला पटला नाही. सुगावा शोधणे हाच क्वेस्टमधला विचार आहे असे तुम्ही गृहीत धरता. ठसे कुठे आहेत हे गेम सांगतो हे खरे, परंतु ठसे सापडल्यावर काय करावे हे तो सांगत नाही, आणि या गेमचा सगळा भर तिथेच आहे.

टेकडीवरच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याची क्वेस्ट आठवून पाहा. दलदलीतल्या तीन जरठा (म्हाताऱ्या चेटकिणी) त्याला मारायला सांगतात. आत्मा म्हणतो की मला मुक्त कर, मी त्या अनाथ मुलांना वाचवीन. मुक्त केले तर मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, बॅरनच्या बायकोचा अंत होतो आणि बॅरन स्वतःला फास लावून घेतो. मारले तर बॅरन वेड लागलेल्या बायकोला घेऊन उपचारासाठी दूर निघून जातो आणि मुले कायमची नाहीशी होतात. इथे मार्करचा (कुठे जायचे ते दाखवणाऱ्या खुणेचा) काहीही उपयोग नाही. कोण खोटे बोलत असेल, कोणाचा स्वार्थ कशात आहे, गावकऱ्यांनी त्या जरठांशी कसला सौदा केला आहे, हे ज्याने लक्ष देऊन ऐकले आणि वाचले त्याचा निर्णय ऐकीव माहितीवर केलेल्या निर्णयापेक्षा वेगळा असतो, निदान त्यामागची कारणे तरी वेगळी असतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे असे आहे, की खेळाडूला माणसे कळावी लागतात.

लढाईविषयी एवढेच म्हणेन की हा गेम 'डेथ मार्च' या सर्वांत अवघड पातळीवर खेळल्याशिवाय त्याच्या लढाईवर मत देऊ नये. वरच्या दोन डिफिकल्टींवर ध्यान केल्याने जखमा भरून येत नाहीत. तेवढ्या एका नियमाने अन्न, औषधी काढे, तेले आणि बॉम्ब या सर्वांना किंमत येते आणि राक्षसकोश खरोखर वाचावा लागतो.

माळरान

@रात्रपाळी, टेकडीच्या आत्म्याबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि माणसे कळणे हा माझ्या प्रश्नाचाच एक अर्थ म्हणून घेतो. 'डेथ मार्च'बद्दल मात्र शंका आहे. ज्या रचनेचा गुण केवळ सर्वांत वरच्या डिफिकल्टीवर दिसतो, ती रचना बहुसंख्य खेळाडूंपर्यंत पोहोचतच नाही. ध्यानाने जखमा न भरण्याचा नियम मधल्या पातळीवरही ठेवून शत्रूचे वार सौम्य करता आले असते. तसे केले असते तर तयारीचे महत्त्व राहिले असते आणि ज्यांचे हात तितके चपळ नाहीत त्यांनाही ते अनुभवता आले असते. डिफिकल्टी वाढवणे म्हणजे शत्रूचे आयुष्य आणि वाराची ताकद वाढवणे, ही सोपी समजूत या प्रकाराला फार काळ चिकटून राहिली आहे.

कातळ

धागालेखकाच्या प्रश्नात 'कळणे' हा शब्द केवळ माहितीसाठी वापरला आहे आणि माझा आक्षेप त्यावर आहे. हाताला कळणे हेही कळणेच असते.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 'एल्डन रिंग'मध्ये, २०२२ साली तो आला तेव्हा, हजारो खेळाडूंना मार्गिट या बॉसने (मोठ्या, अवघड शत्रूने) स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात अडवून धरले. त्याच्याबद्दल कोणत्याही पुस्तकात काही वाचायचे नसते. तो काठी उगारतो आणि उगारूनच थांबतो. काठी हलताच डॉज करायची सवय लागलेला खेळाडू आधीच लोळण घेतो, उठतो, आणि तेव्हा वार बसतो. हा विलंब मुद्दाम घातलेला आहे. खेळाडूला कळावे लागते ते असे, की शत्रूची हालचाल सुरू होणे आणि वार पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते कळले की तोच मार्गिट त्याच आकड्यांनिशी सोपा होतो. खेळाडूच्या पात्राची लेव्हल वाढलेली नसते, तरी लढाई बदललेली असते. याला मी उत्तम लढाई म्हणतो.

शिवाय ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी हा गेम दार बंद करत नाही. मार्गिटला सोडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलाकडे जावे, भुयारे पालथी घालावीत, शस्त्र सुधारावे, आत्म्यांना मदतीला बोलवायला शिकावे. खेळ सुरू झाल्याबरोबर उघड्या मैदानात घोड्यावर बसलेला तो सोनेरी चिलखतातला ट्री सेंटिनेल ठेवला आहे तो हेच शिकवण्यासाठी: समोर दिसणाऱ्या प्रत्येकाशी आत्ताच लढले पाहिजे असे नाही. खुल्या जगाचा लढाईला असलेला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि ज्या गेममध्ये नकाशा कितीही मोठा असला तरी बॉसपुढे अडलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाऊन काही मिळवण्यासारखे नसते, त्या गेमचे जग खुले आहे असे मी म्हणणार नाही.

क्वेस्टबाबत मात्र 'एल्डन रिंग'चा बचाव करणे मला कठीण जाते. पात्रे एका वाक्यात काही तरी संदिग्ध बोलून निघून जातात, ती पुढे कुठे भेटतील याचा पत्ता लागत नाही, आणि एखादा बॉस आधी मारला तर कोणाची तरी गोष्ट अर्ध्यावर तुटते. खेळ प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच १.०३ या अपडेटमध्ये भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर दाखवायची सोय करावी लागली, यातच सारे आले.

माळरान

@कातळ, हाताला कळण्याचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो धाग्याच्या प्रश्नात सामावून घ्यायलाच हवा. पण 'एल्डन रिंग'च्या क्वेस्टबाबत मी तुमच्यापेक्षा अधिक आशावादी आहे, आणि त्याचे कारण राडान हा बॉस.

रान्नी या चेटकिणीच्या क्वेस्टमध्ये खेळाडूला नोक्रॉन या भूमिगत नगरीत जायचे असते आणि तिथे जायची वाट सापडत नाही. तारे राडानने आपल्या सामर्थ्याने जागच्या जागी रोखून धरले आहेत, आणि ताऱ्यांबरोबर रान्नीचे भवितव्यही थांबलेले आहे. त्याच्या सन्मानार्थ भरवलेल्या महोत्सवात, लाल वाळूच्या त्या रणांगणावर, वाटेत भेटलेली कितीतरी पात्रे आपल्या बाजूने लढायला उभी राहतात. राडान पडतो, तारे पुन्हा चालू लागतात, त्यातला एक लिमग्रेव्हमध्ये कोसळतो आणि जमिनीत जो प्रचंड खड्डा पडतो त्यातून नोक्रॉनची वाट उघडते. बॉसला हरवल्याचे बक्षीस म्हणून नुसती किल्ली मिळाली नाही. लढाईने जगाचा आकार बदलला, आणि तो ज्या कारणाने बदलला ते कथेत आधीपासून होते. यापेक्षा नेमकी क्वेस्ट-रचना मला सांगता येणार नाही. दोष आहे तो सूचनेत. ही सगळी साखळी खेळाडूपर्यंत इतक्या तुटक पोहोचते की अनेकांना ती दुसऱ्या कोणी समजावून सांगितल्यावरच कळते.

सह्यवाट

इतका वेळ चर्चा चालली आहे आणि 'न्यू वेगास'चे कोणी नाव घेतले नाही, म्हणून लिहितो.

ऑब्सिडियनने सुमारे दीड वर्षात बनवलेल्या आणि २०१० साली आलेल्या या गेमची नेमबाजी हातात धरवत नाही, शत्रू भिंतीला अडकतात, हे सगळे खरे आहे. तरीही लढाईच्या रचनेत हा गेम मी पुष्कळ वर ठेवतो, आणि त्याचे कारण नकाशा आहे. गुडस्प्रिंग्जमधून वेगासचे दिवे दिसतात. सरळ उत्तरेला गेले तर शहर जवळ आहे, पण त्या वाटेवर खाणीत डेथक्लॉ नावाचे हिंस्र प्राणी आहेत आणि डोंगरातून गेले तर कॅझाडोर हे विषारी कीटक. गावातली माणसे तसे सांगतातही. म्हणून बहुतेक खेळाडू दक्षिणेला वळसा घालून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा लांबचा रस्ता धरतात, आणि त्या वाटेवर मोहावी वाळवंटातल्या प्रत्येक गटाची ओळख होते: एनसीआर या प्रजासत्ताकाचे ताणलेले सैन्य दिसते, त्याचा शत्रू असलेल्या लीजनने निप्टनमध्ये काय केले ते दिसते. डेथक्लॉ ही तिथे नुसती अवघड लढाई नाही; कथा कोणत्या क्रमाने सांगितली जावी हे त्या प्राण्यांनी ठरवले आहे. अदृश्य भिंत न घालता हे साधले आहे, आणि जो खेळाडू चोरपावलांनी त्यांच्यातून निसटतो त्याचा मान राखून गेम त्याला शहरात जाऊ देतो.

दुसरी गोष्ट अशी, की इथे लढाई टाळणे हे लढण्याइतकेच पूर्ण उत्तर असते. पहिल्याच गावात पावडर गँग या गुंडटोळीचा हल्ला परतवायचा असतो. दुकानदाराला पटवून माल मिळवणे, डॉक्टरकडून औषधे काढणे, म्हाताऱ्या जाणत्या माणसाकडून डायनामाइट मिळवणे, यातले काय जमेल ते आपल्या पात्राच्या कौशल्यांवर ठरते, आणि कोणते कौशल्य किती हवे हे संवादात आकड्यासह लिहिलेले असते. शेवटी, धरणावरच्या लढाईत, लीजनचा सेनापती लॅनियस समोर येतो तेव्हा संभाषणाचे कौशल्य पूर्ण वाढवलेल्या खेळाडूला तलवारीशिवाय त्याला माघारी पाठवता येते. त्या संभाषणात खेळाडू जे मुद्दे मांडतो ते रसद, ताणलेली आघाडी, जिंकलेला प्रदेश राखण्याची अशक्यता असे असतात, आणि दक्षिणेकडून चालत आलेल्या खेळाडूने हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले असते.

चांदणवेल

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. नोकरी, घर आणि लहान मूल सांभाळून आठवड्यातून एखाद्या रात्री खेळणाऱ्या माणसासाठी मार्कर ही चैन नसते. मागच्या वेळी कोणाशी काय बोलणे झाले होते हे दहा दिवसांनी आठवत नाही. 'मार्कर वाईट' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही, आणि या धाग्यातही तोच सूर थोडासा येत आहे.

खरा प्रश्न मार्कर असावा की नसावा हा नसून, मार्कर बंद केल्यावर क्वेस्ट पूर्ण करता येते का हा आहे. २००२ सालच्या 'मोरोविंड'मध्ये मार्कर नव्हताच, पण त्याऐवजी माणसे वाट सांगत: अमुक गावातून बाहेर पडा, पूल ओलांडा, फाटा लागला की डावीकडे वळा. ते सगळे रोजनिशीत लिहून ठेवले जाई. 'स्कायरिम'मध्ये मार्कर बंद करून पाहा. बऱ्याच क्वेस्टमध्ये संवादात आणि नोंदीत पत्ताच दिलेला नाही, कारण बाण असणारच असे लिहिणाऱ्याने धरून चालले आहे. तिथे मार्कर ही सोय राहत नाही, क्वेस्टचा सांगाडाच त्याच्यावर उभा असतो. याउलट युबिसॉफ्टच्या २०१८ सालच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये एक्सप्लोरेशन मोड दिला होता, ज्यात ठिकाण अमक्या प्रदेशात, तमक्या नदीच्या पूर्वेला आहे एवढेच कळते आणि उरलेले खेळाडूने शोधायचे. ज्याला बाण हवा तो दुसरा मोड निवडू शकतो. त्या गेममध्ये इतर पुष्कळ गोष्टी मला आवडत नाहीत, पण एवढी एक गोष्ट इतरांनी उचलावी अशी आहे.

आणि नोंदवही नीट लिहा, एवढी एक विनंती सर्व गेम बनवणाऱ्यांना आहे. 'विचर ३'मध्ये क्वेस्टच्या नोंदी डँडेलियनच्या भाषेत, गोष्टीसारख्या लिहिलेल्या आहेत, आणि मोठ्या खंडानंतर परत आलेल्या खेळाडूला त्या दोन परिच्छेदांत पुन्हा कथेत आणून सोडतात. परीक्षणांत याचा उल्लेखही होत नाही.

रात्रपाळी

चांदणवेल यांच्या नोंदवहीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

लेव्हलचा विषय धागालेखकाने काढला आहे तर त्याची उलट बाजूही नोंदवतो. शत्रूंची लेव्हल ठरलेली असली की जगाचे पट्टे पडतात, हे 'विचर ३'मध्ये दिसते. पण शत्रू खेळाडूबरोबर वाढवले तर काय होते ते २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'ने दाखवले. खेळाडू मोठा झाला की रस्त्यावरचे फुटकळ दरोडेखोरही काचेची आणि डेड्रिक अशी अतिशय महागडी चिलखते घालून उभे राहू लागले. ज्याच्या अंगावर राजवाडा विकत घेता येईल एवढी चिलखत आहे तो वाटसरूकडे थोडी नाणी मागतो, तेव्हा जगावरचा विश्वास उडतो. लढाईचा समतोल राखण्यासाठी जगाचे सत्य मोडले, असे मी याला म्हणेन, आणि ठरलेल्या लेव्हलपेक्षा हा दोष मला मोठा वाटतो.

पिरान्हा बाइट्स या जर्मन स्टुडिओच्या २००१ सालच्या 'गॉथिक'ने याचे उत्तर फार आधी दिले होते. तिथे कोणीही खेळाडूबरोबर वाढत नाही. सुरुवातीला साधा लांडगाही जीव घेतो. नायकाला तलवार धरता येत नाही, आणि हे आकड्यात नव्हे तर हालचालीत दिसते: एका हाताची तलवार तो दोन्ही हातांनी, अडाण्यासारखी धरतो. गुरू शोधून, त्याच्याकडून शिकल्यावर पवित्रा बदलतो, वार जलद आणि सलग होतात. लेव्हल वाढणे म्हणजे काय हे इतक्या स्पष्टपणे डोळ्यांना दाखवणारा दुसरा गेम मला सुचत नाही, आणि गुरू शोधायचा म्हणजे छावणीतली माणसे ओळखायची, त्यांची कामे करायची, म्हणजे लढाई शिकणे हीच तिथे क्वेस्ट होते.

कातळ

'गॉथिक'चे नाव निघाले की 'किंगडम कम'वर यावेच लागते, कारण त्या परंपरेचा आजचा सर्वांत गंभीर वारसदार तोच आहे.

चेक स्टुडिओ वॉरहॉर्सचा हा २०१८ सालचा गेम १४०३ मधल्या बोहेमियात घडतो. नायक हेन्री लोहाराचा मुलगा आहे. पहिल्या काही मिनिटांत बापाचे उधार वसूल करायला त्याला कुनेश नावाच्या दारुड्याकडे पाठवले जाते, आणि हाणामारी केली तर बहुतेक वेळा हेन्रीच मार खातो. मग मित्रांना घेऊन जावे, गोड बोलून पाहावे किंवा घरात शिरून वस्तू उचलून आणाव्यात. बापाला त्या वस्तूंशी मतलब असतो. लढाई हा अनेक उपायांपैकी एक आणि बहुधा सर्वांत वाईट उपाय आहे, हे इतक्या लवकर आणि इतक्या घरगुती प्रसंगातून शिकवणे मला फार मोलाचे वाटते. पुढे रात्तायमध्ये कॅप्टन बर्नार्डकडे लाकडी तलवारीने सराव करावा लागतो, आणि तो केला नाही तर रस्त्यावरचे दोन लुटारूही भारी पडतात. हेन्रीला वाचता येत नाही. उझित्सच्या लेखनिकाकडून शिकेपर्यंत पुस्तकातली अक्षरे खेळाडूलाही उलटसुलटच दिसतात.

क्वेस्ट आणि लढाई एकत्र बांधण्याचे उदाहरण म्हणून प्रिबिस्लावित्सच्या छावणीची टेहळणी पाहा. काम एवढेच असते की शत्रूची संख्या आणि बातमी काढून आणायची. परंतु रात्री आत शिरलेल्या खेळाडूला स्वयंपाकाच्या भांड्यात विष कालवता येते आणि बाणांचे साठे जाळता येतात, आणि मग खरा हल्ला होतो तेव्हा शत्रू त्या प्रमाणात दुबळा असतो. धागालेखकाचा प्रश्न इथे दोन्ही बाजूंनी लागू पडतो: छावणी कळली तर लढाई हलकी, न कळली तर जड, आणि दोन्ही प्रसंगी कथा पुढे जाते.

त्याच्या लढाईत एक मोठी उणीव आहे ती मात्र लपवू नये. मास्टर स्ट्राइक शिकल्यावर योग्य क्षणी एकच बटण दाबून कोणताही वार उलटवता येतो, आणि दिशांचे ते सुंदर तलवारयुद्ध वाट पाहण्याच्या खेळात बदलते. शत्रूही तेच वापरत असल्याने पुढाकार घेणाऱ्याचेच नुकसान होते. २०२५ च्या दुसऱ्या भागात त्यासाठी वाराच्या विरुद्ध दिशेला तलवार असावी लागते आणि ती युक्ती तलवारीपुरतीच ठेवली आहे. सुधारणा योग्य दिशेने आहे.

सह्यवाट

@कातळ, 'दोन्ही प्रसंगी कथा पुढे जाते' हे तुम्ही ओघात लिहिले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. बहुतेक गेममध्ये खेळाडूला न कळल्याचा परिणाम म्हणजे मृत्यू आणि मागच्या सेव्हवरून पुन्हा सुरुवात. म्हणजे अज्ञानाचा कथेत काहीच ठसा उरत नाही. 'किंगडम कम'मधल्या मेऱ्होयेद गावात साथ पसरते तेव्हा खेळाडूने वेळ घालवला तर रुग्ण खरोखर मरतात, आणि गेम तिथेच चालू राहतो.

चांदणवेल

पण सेव्ह-लोड असेपर्यंत परिणामांना काय अर्थ आहे, हा प्रश्न उरतोच. पसंत न पडलेला निर्णय दोन मिनिटांत पुसता येतो. 'किंगडम कम'ने त्यावर सेव्हिअर श्नॅप्स नावाची दारू काढली, म्हणजे मनाला वाटेल तेव्हा सेव्ह करायचे तर ती बाटली खर्चावी लागते. हा उपाय माझ्यासारखीला त्रासदायक आहे. मूल जागे झाले की खेळ तिथल्या तिथे सोडावा लागतो. नंतरच्या अपडेटमध्ये सेव्ह करून बाहेर पडण्याची सोय झाली म्हणून निभावले.

माळरान

@चांदणवेल, यावर मला बाटलीपेक्षा जास्त सभ्य वाटणारा उपाय सीडी प्रॉजेक्ट रेडनेच त्यांच्या पहिल्या 'विचर'मध्ये, २००७ साली केला होता. पहिल्या अध्यायात नदीकाठी एका व्यापाऱ्याच्या मालाची राखण करताना स्कोइयाटेल बंडखोर येऊन माल मागतात. माल दिला तर लढाई टळते, न दिला तर तिथेच तलवारी निघतात. त्या क्षणी दोन्हींत काही विशेष वाटत नाही आणि गेमही काही बोलत नाही. दुसऱ्या अध्यायात, शहरात, तपासासाठी उपयोगी पडणारा एक माणूस बाणांनी मारलेला सापडतो, आणि ते बाण त्याच मालातले असतात. तोवर इतके तास उलटलेले असतात की मागचा सेव्ह लोड करण्याचा विचारही मनात येत नाही, आणि सेव्ह करण्याच्या स्वातंत्र्यावर कोणताही कर बसवावा लागत नाही. उरलेला तपास त्या माणसाशिवाय पुढे न्यावा लागतो.

याच क्वेस्टमध्ये लढाई आणि निर्णय यांचा संबंधही पाहण्यासारखा आहे. माल देणे सोपे, कारण बंडखोर संख्येने जास्त आहेत आणि त्या टप्प्यावर गेराल्ट कमकुवत आहे. म्हणजे लढाईची भीती हीच निर्णयावर वजन टाकते. ती लढाई फार सोपी ठेवली असती तर निर्णय केवळ तत्त्वाचा उरला असता, आणि फार अवघड ठेवली असती तर निर्णय उरलाच नसता. मधले नेमके माप कोणी तरी बसून ठरवले असणार, आणि परीक्षणात लढाईला एक आकडा आणि क्वेस्टला दुसरा आकडा देणाऱ्याला हे माप कुठल्या रकान्यात लिहावे हे सांगता येणार नाही.

पुढच्या प्रतिसादांत कोणी 'ड्रॅगन्स डॉग्मा'च्या दोन्ही भागांवर लिहू शकले तर वाचायला आवडेल. तिथले प्यादे-सोबती कोणत्या राक्षसाशी कसे लढायचे हे अनुभवातून शिकतात आणि दुसऱ्या खेळाडूच्या जगात जाऊन ते ज्ञान वापरतात, क्वेस्टची वाटही दाखवतात. कळण्याचे काम खेळाडूऐवजी सोबत्याकडे गेले तर या धाग्यातल्या प्रश्नाचे काय करायचे, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही.